काटापावत्यांची बायनरी फाइल: ३१ बाइटचं रेकॉर्ड ४० कसं झालं आणि सव्विसावी पावती गेली कुठे

प्रश्न थोडक्यात असा. रावेरकडच्या केळीच्या काटापावत्या साठवायला सी मध्ये प्रोग्रॅम लिहिला आहे. एका पावतीच्या स्ट्रक्चरमध्ये क्रमाने पावती क्रमांक (इंट), गाव (१५ कॅरेक्टर), बागेचा प्रकार (१ कॅरेक्टर), घडांची संख्या (शॉर्ट), वजन (डबल) आणि रोख-उधार (१ कॅरेक्टर) आहे. बेरीज ३१ होते, पण साइझऑफ ४० सांगतो. घरच्या विंडोज मशीनवर तीस पावत्या भरल्या, तरी यादीत पंचवीसच येतात आणि पंचविसावी दोनदा छापली जाते. नंबर देऊन थेट पावती उघडली तर अकरापासून पुढे कचरा दिसतो. एक पावती दुरुस्त केली तर तिच्या पुढचीच बदलली. तीच फाइल कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी वर (डॉसच्या काळातला कंपायलर) नेली तर काहीच जुळेना. आणि शेवटी: भरलेल्या पावत्या वाचतील का?

वाचतील, ते शेवटी सांगतो. या सगळ्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे: मेमरीत स्ट्रक्चर जसं मांडलेलं असतं तोच फाइलचा नमुना, असं धरून चालणं. मेमरीतली मांडणी कंपायलर ठरवतो आणि ती त्याच्या सोयीची असते. फाइलची मांडणी तुम्ही ठरवायची, बाइट मोजून, कागदावर.

(खालचा कोड देवनागरीत लिहिला आहे. टाइप करताना फंक्शनांची नेहमीची रोमन नावं घ्या.)

आधी ४० चा हिशोब. ६४ बिट मशीनवर इंट ४ बाइटचा, जागा ० ते ३. गाव ४ ते १८. बाग १९ वर. शॉर्टला सम जागा लागते. २० सम आहे, म्हणून तो २० आणि २१ वर. डबलला ८ ने भाग जाणारी जागा लागते. २२ चालत नाही, म्हणून कंपायलर २२ आणि २३ रिकामे सोडतो आणि वजन २४ ते ३१ वर बसवतो. रोख-उधार ३२ वर. आता अशा पावत्यांचा अॅरे केला तर दुसऱ्या पावतीचं वजनही ८ च्या पटीत यायला हवं, म्हणून शेवटी आणखी ७ बाइट भरले जातात. ३१ अधिक २ अधिक ७, झाले ४०. ट्रकमध्ये केळी भरताना घडांच्या मध्ये पाला घालतात तसंच हे. माल तेवढाच, जागा जास्त.

हा पाला सगळीकडे सारखा नसतो. ३२ बिट लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर स्ट्रक्चरमधल्या डबलला ४ च्या पटीतली जागा पुरेशी मानतो, तिथे हेच स्ट्रक्चर ३६ बाइटचं होतं. टर्बो सी मध्ये इंट २ बाइटचा आहे आणि मूळ सेटिंगमध्ये मधे काहीच सोडलं जात नाही, म्हणून तिथे ते २९ बाइटचं. घरची फाइल ४०-४० बाइटचे तुकडे घेऊन आलेली आणि लॅबचा प्रोग्रॅम २९-२९ ने तोडतोय. पहिल्या पावतीच्या तिसऱ्या बाइटपासूनच गणित चुकणार. टर्बो सी शिकवायला अजून वापरतात त्याबद्दल फार बोलत नाही, पण दोन कंपायलरांमध्ये फाइल फिरवायची असेल तर तो निदान परीक्षा तरी कडक घेतो.

रिकाम्या जागांची आणखी एक गोष्ट. त्यात शून्य असेल असं नाही. मेमरीत आधी जे पडलेलं असेल ते तसंच फाइलमध्ये जातं. गावाच्या नावात शून्य बाइटनंतर उरलेल्या जागेचंही तेच. दोन सारख्या पावत्यांच्या फाइली बाइटला बाइट जुळत नाहीत त्या बहुतेक वेळा यामुळे. स्ट्रक्चर भरण्याआधी मेमसेटने पूर्ण शून्य करा.

आता सव्विसावी पावती. फाइल उघडताना मोडमध्ये 'बी' दिलेला नाही, हे लक्षणांवरूनच कळतं. विंडोजवर 'बी' नसेल तर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडते आणि लायब्ररी दोन उद्योग करते. लिहिताना १० हा बाइट दिसला की ती त्याच्या आधी १३ घालते, कारण तिच्या मते ती ओळीची समाप्ती आहे. वाचताना १३-१० ची जोडी पुन्हा १० करते आणि २६ हा बाइट दिसला की फाइल संपली असं मानते. ही डॉसच्या काळापासून चालत आलेली खूण आहे.

हे तुमच्या पावत्यांवर लावून पाहा. दहाव्या पावतीचा क्रमांक १० आहे. इंटेलच्या मशीनवर तो १०, ०, ०, ० असा लिहिला जातो. टेक्स्ट मोडने तिथे १३ घुसवला. दहावी ३६० व्या बाइटपासून सुरू होते ते बरोबर, पण तिच्यापुढचं सगळं एक बाइट सरकलं. ओळीने वाचताना १३ परत गाळला जातो म्हणून यादी नीट दिसते. एफसीक (फाइलमध्ये सांगितलेल्या बाइटवर थेट नेणारं फंक्शन) मात्र सरळ ४०० वर नेतो आणि अकरावी आहे ४०१ वर. म्हणून थेट उघडताना अकरापासून कचरा. मधला भरीचा बाइट शून्य असेल तर अकराव्या पावतीचा क्रमांक २८१६ दिसेल, म्हणजे ११ गुणिले २५६. असा आकडा दिसला की एक बाइट सरकलाय हे ओळखायचं. पुढे सव्विसाव्या पावतीचा पहिलाच बाइट २६ आला आणि वाचणं तिथे थांबलं. तुमच्या नशिबाने क्रमांकच आडवा आला; एखाद्या पावतीत २६ घड असते तर यादी त्याआधीच तुटली असती, आणि कारण शोधायला जास्त वेळ गेला असता.

म्हणून बायनरी फाइलला कायम 'आरबी' (वाचायला), 'डब्ल्यूबी' (नव्याने लिहायला), 'एबी' (शेवटी जोडायला), 'आरबी प्लस' (वाचून बदलायला). लिनक्सवर 'बी' ने काहीच फरक पडत नाही, म्हणून तिथे लिहिलेला प्रोग्रॅम वर्षभर सुरळीत चालतो आणि विंडोजवर आणला की मोडतो. द्यायचा म्हणजे द्यायचा.

पीएनजी चित्रांची पहिली आठ बाइट पाहा: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिला बाइट १२७ च्या वरचा आहे, कुणी सात बिटांच्या वाहिनीतून फाइल पाठवली तर तो बिघडतो. पुढचे तीन त्या नावाची रोमन अक्षरं. आणि मग १३-१०, २६, १०: टेक्स्ट मोडने हात लावला तर यातलं काही ना काही बदलणारच. नमुना बनवणाऱ्यांनी सापळा दारातच लावून ठेवलाय. आपणही तो उचलू.

पंचविसावी दोनदा छापली जाते ते एफईओएफच्या (फाइल संपली का विचारणाऱ्या फंक्शनच्या) लूपमुळे. 'फाइल संपलेली नाही तोवर वाच' हा लूप वर्गातल्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरवला जातोय आणि तो चुकीचा आहे. एफईओएफ पुढे काय आहे ते बघत नाही. मागचं वाचन शेवटाला धडकलं का, एवढंच सांगतो. पंचविसावी वाचून झाली तरी धडक झालेली नाही. लूप आणखी एकदा फिरतो, एफरीडला काही मिळत नाही, स्ट्रक्चरमध्ये जुनीच पावती पडून असते, ती पुन्हा छापली जाते. विचारायचं ते एफरीडलाच:

व्हाइल (एफरीड(&पा, साइझऑफ(पा), १, फा) == १)
    छापा(&पा);
इफ (एफएरर(फा))
    पीएरर("वाचताना अडचण");

एफरीड पूर्ण वाचलेल्या नगांची संख्या परत देतो. नग ४० बाइटचा आणि संख्या १ सांगितली तर अर्धवट पावती आली तरी उत्तर ० येतं. शेवटचा तुकडा नेमका किती बाइटचा होता हे हवं असेल तर नग १ बाइटचा आणि संख्या ४० असं उलट मागा. एकेक बाइट एफगेटसीने वाचत असाल तर उत्तर इंटमध्येच घ्या. साइन्ड कॅरेक्टरमध्ये घेतलं तर २५५ हा अगदी वैध बाइट उणे १ होतो आणि फाइल अर्ध्यातच संपल्यासारखी वाटते.

दुरुस्तीचा घोळ सोपा आहे. पावती वाचली की फाइलमधली जागा तिच्या पुढे गेलेली असते. तिथेच एफराइट केलं तर पुढची पावती पुसली जाते. लिहिण्याआधी मागे यायचं. इथे दोन खड्डे आहेत. पहिला, वाचनावरून लेखनाकडे वळताना मधे एफसीक हवाच, आणि लेखनावरून वाचनाकडे वळताना एफसीक किंवा एफफ्लश. हा भाषेचा नियम आहे. न पाळता चाललं तर तो योगायोग समजा. दुसरा, मागे येताना उणे साइझऑफ असं लिहू नका. साइझऑफची किंमत अनसाइन्ड असते. टर्बो सी मध्ये ती १६ बिटांची, म्हणून उणे २९ चे ६५५०७ होतात आणि फाइल मागे यायच्या ऐवजी ६५ हजार बाइट पुढे जाते. उणे चिन्हाच्या आत आधी लाँगमध्ये बदला. गुणाकाराचंही तसंच: तिथे (क्रमांक उणे १) गुणिले २९ हा हिशोब १६ बिटांत झाला तर २२६१ व्या पावतीला ६५५४० ऐवजी ४ येतात. गुणण्याआधी क्रमांक लाँग करा.

मोडबद्दल आणखी एक. 'एबी प्लस' ने उघडलेल्या फाइलमध्ये एफसीक कुठेही करा, लिखाण शेवटालाच जातं. दुरुस्तीसाठी तो निरुपयोगी. 'डब्ल्यूबी' आणि 'डब्ल्यूबी प्लस' उघडताक्षणी जुनी फाइल रिकामी करतात, एक बाइटही लिहायच्या आत. 'आरबी प्लस' ने उघडून पाहा. नल आला आणि फाइल खरोखरच अस्तित्वात नसेल तरच 'डब्ल्यूबी प्लस'. परवानगी नाही म्हणूनही नल येतो, तेवढं एररनो (अपयशाचं कारण सांगणारा आकडा) पाहून ठरवा.

इथवर झाली मलमपट्टी. खरी दुरुस्ती म्हणजे स्ट्रक्चर एका घासात फाइलमध्ये टाकणं बंद करणं. 'प्रॅग्मा पॅक १' लिहिलं की साइझऑफ ३१ होईल आणि बरेच जण तिथेच थांबतात. बीएमपी चित्राचं १४ बाइटचं हेडर वाचायला तो उपाय नेहमी सुचवला जातो, कारण साधं स्ट्रक्चर तिथे १६ बाइटचं होतं. पण पॅकने इंटचा आकार बदलत नाही, बाइटांचा क्रम बदलत नाही, आणि पॅक केलेल्या स्ट्रक्चरमधल्या डबलचा पॉइंटर दुसऱ्या फंक्शनला दिला तर काही प्रोसेसरांवर प्रोग्रॅम कोसळतो. ठरलेला परका नमुना, एकच कंपायलर, एकच मशीन एवढ्यापुरता ठीक.

आपल्या पावतीसाठी मी अशी मांडणी घेईन. सुरुवातीला १६ बाइटचं हेडर: चार रोमन अक्षरांची खूण, मग १३, १०, २६, १०, नंतर आवृत्ती २ बाइट, रेकॉर्डची लांबी २ बाइट, ४ बाइट राखीव. त्यानंतर प्रत्येक पावती नेमकी ६४ बाइटची:

० पासून ४ बाइट: क्रमांक
४ पासून ४ बाइट: तारीख, २०२५०६१४ अशा एकाच आकड्यात
८ पासून २ बाइट: घड
१० वर: बाग, १ नवती, २ पिलबाग, ३ कांदेबाग
११ वर: ० रोख, १ उधार
१२ पासून ४ बाइट: वजन, ग्रॅममध्ये
१६ पासून ४ बाइट: दर, क्विंटलला पैसे
२० पासून ४० बाइट: गाव
६० पासून ४ बाइट: आधीच्या ६० बाइटांचा सीआरसी ३२ (बाइट बिघडले का ते पकडणारा तपासणीचा आकडा)

एन क्रमांकाची पावती १६ अधिक (एन उणे १) गुणिले ६४ वर. वजन डबलऐवजी ग्रॅममध्ये पूर्णांक घेतलं आहे, कारण ०.१ डबलमध्ये तंतोतंत बसत नाही आणि बेरजेला पट्टीवर पैशांचा फरक पडला की शेतकरी तुम्हाला आयईईई (डबल साठवण्याचे नियम) समजावू देणार नाही. ४ बाइटमध्ये ४२९४ टनांहून जास्त मावतं. फक्त रक्कम काढताना सांभाळा: २० टन म्हणजे २ कोटी ग्रॅम, समजा दर १५०० रुपये म्हणजे दीड लाख पैसे, गुणाकार ३ लाख कोटींवर जातो. तो ६४ बिटांत करून मग एक लाखाने भागा.

गावाला ४० बाइट का? देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) ३ बाइट घेतं आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. 'यावल' १२ बाइट. 'रावेर' १५, म्हणजे शेवटचा शून्य बाइट धरून १६. तुमच्या १५ च्या जागेत तालुक्याचं नावच बसत नव्हतं. 'भुसावळ' आणि 'फैजपूर' १८, 'मुक्ताईनगर' ३०. याच कारणाने बागेसाठी एका कॅरेक्टरमध्ये 'न' ठेवता येत नाही, आकडा ठेवा. नाव ४० हून लांब निघालं तर मधेच कापू नका. कापायच्या जागेवरचा बाइट १२८ ते १९१ मधला असेल तर ते अक्षराचं पोट आहे, मागे सरकत अक्षराच्या सुरुवातीपर्यंत या. आणि गावासाठी स्ट्रक्चरमध्ये पॉइंटर ठेवायचा मोह टाळा. फाइलमध्ये नाव जात नाही, फक्त पत्ता जातो; त्याच वेळी परत वाचलं तर बरोबर दिसतं म्हणून फसायला होतं, दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम कोसळतो.

आकडे बाइट-बाइट करून मांडायचे, लहान बाजू आधी:

व्हॉइड लिही३२(अनसाइन्ड कॅर *ब, अनसाइन्ड लाँग क)
{
    ब[०] = क & २५५;
    ब[१] = (क >> ८) & २५५;
    ब[२] = (क >> १६) & २५५;
    ब[३] = (क >> २४) & २५५;
}

अनसाइन्ड लाँग वाच३२(कॉन्स्ट अनसाइन्ड कॅर *ब)
{
    रिटर्न (अनसाइन्ड लाँग)ब[०]
         | (अनसाइन्ड लाँग)ब[१] << ८
         | (अनसाइन्ड लाँग)ब[२] << १६
         | (अनसाइन्ड लाँग)ब[३] << २४;
}

३००० हा आकडा याने १८४, ११, ०, ० असा उतरतो, मग मशीनचा स्वतःचा क्रम काही का असेना. दोन्ही गोष्टी तपासून घ्या: बफर अनसाइन्ड कॅरचाच हवा, नाहीतर १८४ चा उणे ७२ होऊन वरचे सगळे बिट १ होतात, आणि सरकवण्याआधी लाँगमध्ये बदल हवा, नाहीतर २४ ने सरकवताना इंट उतू जातो. टर्बो सी मध्ये एसटीडीइंटचं हेडर (ठरावीक बिटांचे पूर्णांक देणारं) नाही, म्हणून इथे अनसाइन्ड लाँग घेतलं; तो भाषेच्या नियमाने किमान ३२ बिटांचा असतोच. ६४ बाइटचा बफर शून्य करायचा, त्यात सगळं भरायचं, आणि एकाच एफराइटने लिहायचं.

हेडरमध्ये पावत्यांची एकूण संख्या मी मुद्दाम ठेवलेली नाही. पावती लिहिली आणि संख्या वाढवायच्या आत वीज गेली तर दोन्हींत भांडण लागतं. फाइलच्या लांबीतून १६ वजा करून ६४ ने भागा. बाकी उरली तर शेवटची पावती अर्धवट राहिली, तेवढीच टाका. सीआरसी जुळत नसेल तर ती पावती दाखवायची पण खूण करून. गुपचूप गाळायची नाही.

भारनियमनाचा विषय निघालाच आहे तर: एफराइटने १ परत दिला म्हणजे पावती डिस्कवर गेली असं नाही, ती अजून प्रोग्रॅमच्या बफरमध्ये असू शकते. एफफ्लशने ती ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते. डिस्कवर उतरवायला लिनक्सवर एफसिंक, विंडोजवर अंडरस्कोर कमिट. काट्यावर ट्रॅक्टर एकामागून एक आले तरी पावत्यांचा वेग एवढा नसतो की दर पावतीला हे परवडू नये. एफक्लोजचं उत्तरही तपासा. पेनड्राइव्ह भरल्याचं कित्येकदा तिथेच कळतं. पूर्ण फाइल नव्याने लिहायची असेल तर शेजारी तात्पुरत्या नावाने लिहा, डिस्कवर उतरवा, बंद करा आणि मगच रीनेम करा. लिनक्सवर रीनेम जुन्या फाइलच्या जागी नवी थेट बसवतं. विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर सी चं रीनेम अपयशी होतं. तिथे मूव्हफाइलईएक्स बदलून टाकण्याच्या पर्यायासह वापरा.

आता भरलेल्या पावत्या. आधी फाइलची प्रत करा, मूळ फाइलला हात लावू नका. फाइल सुरुवातीपासून टेक्स्ट मोडमध्येच आणि ओळीने लिहिली गेली असेल तर नुकसान पूर्ण उलटवता येतं: लिहिताना प्रत्येक १० च्या आधी नेमका एक १३ घातला गेला होता, तर 'आरबी' ने वाचून प्रत्येक १० च्या लगेच आधीचा एक १३ काढायचा. मूळ डेटात खरोखर १३-१० असेल, जसं २५७३ क्रमांकात असतं, तर फाइलमध्ये १३-१३-१० पडलेलं असेल. एकच काढल्याने तेही बरोबर राहतं. २६ ला काही करायचं नाही, लिहिताना तो तसाच गेलेला आहे. उरलेल्या बाइटांना ४० ने नेमका भाग जायला हवा. तीस पावत्यांचे १२००. भाग गेला नाही तर मधे कधीतरी दुरुस्तीने भलत्या जागी लिहिलं गेलंय. अशा वेळी हेक्सडंप (फाइलचे सगळे बाइट आकड्यांत दाखवणारी यादी) उघडा आणि गावांची नावं शोधत पावत्यांच्या सुरुवाती हाताने धरा. नाव सापडलं की पावती त्याच्या ४ बाइट आधी सुरू होते. दुरुस्तीत पुसली गेलेली पावती मात्र फाइलमधून परत येणार नाही, ती कागदी पावतीवरूनच भरा.

बदलणारा प्रोग्रॅम वेगळा ठेवा आणि जुनं ४० बाइटचं स्ट्रक्चर फक्त त्यातच राहू द्या. ग्रॅम काढताना वजनाला १००० ने गुणून नुसतं पूर्णांकात टाकू नका, गुणल्यावर आधी ०.५ मिळवा; नाहीतर किलोच्या दशांशातला शेवटचा ग्रॅम कुठे कुठे गळेल. मग नव्या फाइलमध्ये १०, १३, २६, २५५, २५६ आणि २५७३ क्रमांकाच्या पावत्या घालून घरी लिहा, लॅबमध्ये वाचा, तिथे एक जोडा आणि घरी परत आणून वाचा.